विभावरीबाईंची लाल मझदा

विभावरी देशकर लष्करी ट्रकच्या कारखान्यातून निवृत्त झाल्या, तेव्हा मुलगा सुशांत त्यांना चारधामला पाठवणार होता. त्यांनी नको म्हटलं. त्यांना गाडी घ्यायची होती, आणि तीही शहरातल्याच गढा भागातल्या भय्यासाहेब पांढरीपांड्यांच्या अंगणात उभी असलेली लाल मझदा. दोन सीटची, छप्पर उघडणारी. भय्यासाहेब बरीच वर्षं जपानात नोकरीला होते; परतताना त्यांनी ती सोबत आणली होती. आता गुडघे साथ देईनात, म्हणून विकायला काढली होती.

सुशांतला हे पटेना. सुटे भाग मिळायचे नाहीत, कॉलनीत लोक हसतील, असं त्यानं आडून सांगून पाहिलं. शेवटी सरळच विचारलं, "काहून पाहिजे आई तुला हे?"

"जन्मभर ट्रक तपासून पास केले. चालवत दुसरेच घेऊन गेले," त्या म्हणाल्या. "आता एक गाडी माझ्यासाठी पास करून राहिली."

गढ्याला भय्यासाहेबांनी किल्ली सुशांतपुढे धरली. सुशांतनं आईकडे बोट दाखवलं. विभावरीबाईंनी पदर खोचला, वाकून खालचा पत्रा पाहिला, इंजिन सुरू करून बराच वेळ ऐकलं. भय्यासाहेब म्हणाले, बरीच पोरं येऊन गेली, पण सगळ्यांना हिचा आवाज वाढवायचा होता, म्हणून कोणालाच दिली नाही. चालवणारा हात पाहिल्याशिवाय ते देणार नव्हते.

मग ते शेजारी बसले आणि गाडी भेडाघाटच्या रस्त्याला लागली. सुरुवातीलाच क्लच जड गेला, गाडी बंद पडली, मागचे हॉर्न वाजवू लागले. बाईंनी घाई केली नाही. पुन्हा सुरू केली, आणि मोकळा रस्ता लागताच अशी सोडली की भय्यासाहेबांची टोपी उडून मागे गेली. टोपीसाठी थांबा, असंही ते म्हणाले नाहीत.

परत आल्यावर भय्यासाहेबांनी डॅशबोर्डवरून एकदा हात फिरवला. मग किल्ली विभावरीबाईंच्या हातात देत म्हणाले, "घेऊन जा ताई. फक्त झाकून ठेवू नका हिला."

गाडी नावावर झाली त्या दिवशी घरी येताना ओमती चौकातल्या सिग्नलला दोन पोरांनी स्कूटर जवळ घेतली. बाजूला बसलेल्या सुशांतला एकानं विचारलं, "भैया, आपकी है?"

सुशांत जरा ताठ बसला. "मेरी नहीं, मम्मी की है," तो म्हणाला. मग कोणी न विचारताच पुढे सांगू लागला, की मम्मी कारखान्यात ट्रक पास करत होती आणि ही गाडीसुद्धा तिनंच तपासून घेतली. सिग्नल हिरवा झाला तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं. बाईंनी हसू दाबत गिअर टाकला.

कॉलनीत कोणी हसलं नाही. शेजारच्या बेबीताईंनी सगळ्यात आधी चक्कर मागितली. सीट इतकी खाली, की उतरताना मायलेकांना त्यांचे हात धरून ओढावं लागलं. उभ्या राहून साडी नीट करत त्यांनी विचारलं, उद्या कमानिया गेटच्या बाजारात कधी निघायचं.