नाक्यावरची हॉकी

वलगावकडून अमरावतीत शिरणाऱ्या रस्त्यावर नगरपालिकेचा जकात नाका होता आणि त्या नाक्यावर देवमन नावाचा शिपाई होता. गाडी आली की बांबू आडवा धरायचा, आतल्या कारकुनानं पावती फाडली की बांबू वर करायचा. एवढ्या कामाला माणसाला तोंड लागत नाही, हात पुरतात. देवमनचं तोंड त्यामुळे बरीच वर्षं बिनकामाचं पडून होतं.

घरीही बोलायला कोणी नव्हतं. बायको, पंचफुला, दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. एकुलती एक लेक शकुन अकोल्याला दिलेली. अकोला काही विलायत नाही, पण सासुरवाशीण लेकीच्या बापाला ते तेवढंच लांब असतं. त्याची वस्ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि ड्यूटी पहाटेची, म्हणून तो नाक्यामागच्या एका खोलीत एकटाच राही. त्या साली, छप्पन्नच्या दसऱ्याला, तो वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेऊन आला. आल्या दिवशी त्यानं कोनाड्यातले देव पाण्यात सोडले, तिथं बाबासाहेबांचा फोटो लावला आणि त्या दिवसापासून मान जरा ताठ करून चालू लागला. कारकुनाला ती ताठ मान खुपली. तो आधीही फार बोलत नव्हता, आता कामापुरतंही हातानं खुणावून सांगू लागला.

अशात नोव्हेंबरात एका सकाळी किसनरावाची बंडी आली. किसनराव माळी रोज पहाटे मळ्यातून वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि शेवंतीची फुलं घेऊन इतवारा बाजारात जाई. चार वर्षं तो या नाक्यावरून जात होता आणि चार वर्षांत देवमनला "उचल" या पलीकडे एक शब्द बोलला नव्हता. पण त्या दिवशी गडी भलताच खुशीत होता. आदल्या दिवशी बाजारातल्या ओमप्रकाशच्या हॉटेलात त्यानं पेपरात वाचलं होतं की हॉकीची टीम मेलबोर्नला पोचली. ते तो मागच्या बंडीवाल्याला ओरडून सांगत होता.

"यंदाबी सोनं आपलंच! आपल्याले हारवनारा अजून जन्माले याचा हाय!"

देवमन बांबू धरून उभा होता. त्याच्या तोंडून कसं कोण जाणे निघून गेलं, "यंदा पाकिस्तान जितते."

किसनरावानं बैलांचे कासरे ओढले. "काय म्हनला बे तू?"

"पाकिस्तान जितते म्हनलं."

"काहून?"

"काहून म्हंजे? लढाईच्या टायमाले मी पलटनीत होतो. तिकडचे पोट्टे मी डोयानं पाहेल हाय खेळताना. चेंडू काठीले चिकटल्यावानी पयतात लेकाचे."

"अबे, तू पलटनीत घोड्याची लीद काढत असशीन! तुले काय समजते हॉकीतलं?"

"अन् तुले काय समजते? तू वांगे इक."

मागे पाच बंड्या तुंबल्या. कारकून बाहेर येऊन खेकसला, तेव्हा कुठे बांबू वर गेला. किसनराव जाता जाता मागं वळून ओरडला, "उद्या येतो! पाहतो तुले!"

देवमन त्या दिवशी दिवसभर आतल्या आत हसत होता. कोणीतरी त्याला "पाहतो तुले" म्हणालं होतं. उद्याची वाट पाहावी असं काही त्याच्या आयुष्यात किती दिवसांनी आलं होतं!

खरं म्हणजे पाकिस्ताननं जिंकावं असं त्याला कशाला वाटेल? पलटनीत चार वर्षं घालवलेला माणूस तो. आपली टीम जिंकली की त्याचाही ऊर भरून येई. पण "हो बाबा, आपणच जिंकू" म्हटलं असतं तर किसनराव मान हलवून पुढं निघून गेला असता. दोघांनी एकाच बाजूनं बोलायला काय असतं? भांडायचं तर समोर कोणीतरी लागतं. ती दुसरी बाजू देवमननं घेतली आणि इमानेइतबारे सांभाळली.

मग रोज सकाळी नाक्यावर हॉकी सुरू झाली. आपण अमेरिकेवर सोळा गोल चढवले त्याच्या दुसऱ्या दिवशी किसनराव बंडीवर उभा राहूनच आला. "सोळा! मोजता येतात काय तुले सोळा?" देवमन म्हणाला, "त्याइले काठी धरता येत नाई. त्याइच्यावर तर आपला ओमप्रकाशबी गोल करन." जर्मनीवर जेमतेम एक गोल झाला तेव्हा देवमनची पाळी होती. "कुठी गेले तुये सोळा? सांभारात पडले काय?" किसनरावानं रागानं मेथीची एक जुडी देवमनच्या अंगावर फेकली. देवमननं ती रात्री शिजवून खाल्ली आणि एकटाच हसला.

एक मात्र त्याला पोखरत होतं. मॅच आज ना उद्या होणार आणि संपणार. मग? मग किसनरावानं बंडी कशासाठी थांबवायची? कोणी जिंको, हे भांडण संपणार होतं, आणि दुसरं भांडण काढावं इतकी त्या दोघांची ओळख नव्हती. हा विचार आला की देवमन तो झटकून टाकी आणि उद्या काय बोलायचं ते जुळवत बसे.

अखेर फायनल पाकिस्तानशीच ठरली. किसनराव आदल्या दिवशी बंडीवरून खाली उतरला.

"उद्या दुपारच्या बातम्यांत रेडिओवर सांगतीन. ओमप्रकाशच्या हाटेलात ये. तुयं तोंड पाहाचं हाय मले त्या टायमाले."

देवमन हातातल्या बांबूकडे पाहू लागला. त्या हॉटेलात तो कधी आत गेला नव्हता. अस्पृश्यता बंदीचा कायदा झाला होता, पण वस्तीतली माणसं चहा अजून बाहेर उभं राहूनच पीत.

किसनरावाच्या ध्यानात आलं. तो जरा घुटमळला आणि मग नेहमीच्याच दरडावणीच्या सुरात म्हणाला, "माया बाजूले बस. पाहतो कोन काय म्हन्ते ते. का हारशीन म्हनून भेला?"

"भेते कोन बे? येतो."

सहा डिसेंबरला देवमननं नोकरीत पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. धुतलेला सदरा घातला आणि सकाळी दहालाच इतवाऱ्यात गेला. किसनरावानं त्याला बाकावर आपल्याशेजारी बसवलं. दोन-चार जणांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ओमप्रकाशनं कपबशी समोर आणून ठेवली. इतरांना दिली तसलीच. देवमननं बशीत चहा ओतला आणि मोठ्यानं बोलू लागला.

"पाकिस्तान दोन गोलनं जितते, पाहा तुमी सारे!"

अख्खं हॉटेल त्याच्यावर तुटून पडलं. कोण म्हणे ह्याला हाकला, कोण म्हणे राहू दे, नंतर ह्याची वरात काढू. सगळे हसत होते आणि त्याच्याशीच बोलत होते. दोन तास देवमन एकटा एका बाजूला आणि सारा बाजार एका बाजूला. इतकं सुख त्याला पंचफुला गेल्यापासून झालं नव्हतं.

दुपारच्या बातम्या लागल्या. ओमप्रकाशनं आवाज वाढवला. सगळे पुढं झुकले. पहिलीच बातमी हॉकीची नव्हती. दिल्लीत पहाटे बाबासाहेबांचं निधन झालं, असं रेडिओतला माणूस सांगत होता.

देवमनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तो किसनरावाकडे पाहू लागला. रेडिओतला माणूस पुढं बोलतच होता, पण देवमनला शब्द कळेनात. मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "हाकीचं सांगन ना आता." आणि थोड्या वेळानं ते सांगितलंच. एक गोल. आपण जिंकलो.

हॉटेल उसळलं. कोणी टेबल बडवलं, कोणी पंढरपुरी टोपी उडवली. किसनराव उभा राहिला होता आणि त्याचे दोन्ही हात वर गेले होते. महिनाभर ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं, हात गेले वर. मग त्याची नजर खाली बाकावर गेली आणि हात तिथंच अवघडले.

देवमन उठला आणि गर्दीतून बाहेर पडला. कोणीतरी हसत म्हणालं, "पयाला रे पयाला! हारला म्हनून पयाला!"

तो जवळजवळ धावतच वस्तीवर पोचला. वस्ती ओस पडली होती. चुली विझलेल्या, दारांना कड्या. बुद्धविहारासाठी राखलेल्या जागेवर म्हातारी भागीरथा तेवढी जमिनीवर बसून रडत होती. त्याला पाहून ती कपाळ बडवू लागली.

"कुठी होता रे बापा तू? तारघरातून सकायीच खबर आली. मुंबईले नेऊन राहिले म्हन्ते बाबाले. सारे टरकात बसून बडनेऱ्याले गेले, गाडी धराले. चंद्रभान तुले पाहाले नाक्यावर दोन खेपा जाऊन आला. खोलीवर पाह्यलं, दवाखान्यातबी पाह्यलं. कुठी होता?"

कुठं होता हे देवमनच्या तोंडून निघेना. चंद्रभाननं सगळीकडे शोधलं होतं. फक्त हॉटेलात पाहिलं नव्हतं. वस्तीतला माणूस हॉटेलात आत बाकावर बसला असेल, हे कोणाच्या मनात तरी कसं यावं?

तो तसाच बडनेऱ्याच्या रस्त्याला लागला. पोचला तेव्हा मुंबईची गाडी निघून गेली होती. फलाटावर आणखीही माणसं मागं राहिली होती, ती घोळक्यानं रडत होती. देवमन त्यांच्यातही गेला नाही. त्याला वाटलं, आपण कुठून आलो ते ह्यांना आपल्या तोंडावर दिसेल. वस्ती बापाला शेवटचं पाहायला गेली, आणि आपण धुतलेला सदरा घालून पाकिस्तान जिंकणार म्हणून ओरडत बसलो होतो. आयुष्यात एकदा चारचौघांत बसलो, आणि तेही नेमकं आजच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीचं दार वाजलं. किसनराव होता. हातात फडक्यात बांधलेली भाकर आणि झुणका. ज्या घरात मयत होतं तिथं चूल पेटत नाही, शेजारपाजारचे कडू घास घेऊन येतात. किसनराव तो घेऊन आला होता.

"माणिकबाईनं करून देल्लं," तो म्हणाला. माणिकबाई म्हणजे त्याची बायको. "घरचा बाप गेल्यावानी हाय तुमाले. चार घास खा."

तुमाले. कालपर्यंत ते "तुले" होतं. देवमननं वर पाहिलं.

किसनराव फोटोसमोर हात जोडून उभा राहिला आणि मग भिंतीला टेकून खाली बसला. त्यानं भाकरीचे दोन तुकडे केले, एक देवमनच्या हातात दिला आणि एक स्वतः खाल्ला. देवमनच्या खोलीत बसून वस्तीबाहेरचा माणूस जेवला असं आजवर झालं नव्हतं.

"माये हात वर गेले त्या टायमाले," किसनराव अखेर म्हणाला. "तुमी बाजूले बसले अन् माये हात वर गेले. मीच तुमाले तिथी बोलावलं. मले झोप नाई आली."

"जाऊ दे," देवमन म्हणाला. "तुये हात होते. जितल्यावर जातीनच वर." त्याच्या मनात खरंच राग नव्हता. ते हात वर गेले नसते तर तो किसनराव कसला?

पण किसनरावानं मनाशी काहीतरी ठरवलं होतं. त्या दिवसापासून तो रोज सकाळी नाक्यावर बंडी थांबवी, खाली उतरे, "जयभीम देवमनजी" म्हणे, काही हवं नको विचारी आणि चांगल्यातली चांगली वांगी बाजूला काढून देई. देवमनला कधी वाटलं नव्हतं इतका मान तो देत होता. कारकूनसुद्धा चकित होऊन पाही. मेथीची जुडी आता फेकून येत नव्हती, दोन्ही हातांत धरून येत होती. भाजी रोज शिजत होती, फक्त खाताना एकट्यानं हसावं असं काही आता दिवसात घडत नव्हतं.

देवमननं महिनाभर दम धरला. दुखवट्यात माणूस जपून बोलतो, होईल आपोआप सुरू, असं तो मनाला सांगत राहिला. मग जानेवारीतल्या एका थंड सकाळी किसनराव वांगी काढत असताना देवमननं छाती भरून घेतली आणि आवाज चढवला.

"एक गोल! तोबी पेनल्टी कॉर्नरवर! खेळून कुठी जितले तुमी? याले जितनं म्हन्तात काय?"

मागचे बंडीवाले कान टवकारून उभे राहिले. देवमन बांबू घट्ट धरून किसनरावाच्या तोंडाकडे पाहत होता. बोल ना लेका. लीद काढत होता म्हण. अक्कल काढ माझी.

किसनरावाच्या तोंडाशी काहीतरी आलं. जबडा हललासुद्धा. मग त्यानं मान खाली घातली.

"खरं हाय तुमचं," तो म्हणाला.

"पुढच्या खेपेले हारतात! चार वर्सानं पाहा, पाकिस्तान सोनं घेऊन जाते!"

"तुमी म्हन्ता तर हारतीन, देवमनजी," किसनराव अगदी हळू, समजूत घातल्यासारखं म्हणाला. वांगी त्यानं देवमनच्या पायाशी ठेवली आणि बंडीवर चढून बसला.

कारकुनानं पावती फाडली. मागच्या बंड्या खोळंबल्या होत्या. देवमननं बांबू वर केला.