सावलीची दोरी

रक्तपिपासू म्हणून गाजलेल्या व्लाद राजाच्या गडावर स्मारांदा कधी हौसेने गेली नव्हती. हौस शहरातल्यांना. ते प्लास्टिकचे सुळे लावून तटावर फोटो काढत आणि खाली येऊन गरम सूप ओरपत. आज मात्र त्यांच्याच घोळक्यातून ती वर चढत होती, कारण तिचा धाकटा भाऊ सांदू अंथरुणाला खिळला होता. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. गडाची ढासळलेली भिंत बांधायला तो मजूर म्हणून गेला आणि भिंत उभी राहताच त्याने अन्न सोडलं. डॉक्टरला रोग सापडेना. गावाला तो केव्हाच सापडला होता: मिस्त्रीने पोराची सावली मापली.

जित्या माणसाची सावली दोरीने मापायची आणि ती दोरी भिंतीत पुरायची. माणूस वर्षाच्या आत जातो, भिंत मात्र राहते. या खोऱ्यातले लोक तोंडाने म्हणतात, छे, जुन्या काळच्या गप्पा. पण बांधकाम दिसलं की तेच लोक रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

घेरासिम मिस्त्री नव्या भिंतीपाशी बसून भाकरतुकडा खात होता. ऐन उन्हात तिथे गारठा होता. भिंतीच्या आत कुणीतरी दमून श्वास घेतंय, असं स्मारांदाला वाटलं.

"घेरासिमकाका, दोरी काढा."

"कसली दोरी, पोरी?"

"वेड पांघरू नका. माझा भाऊ मरतोय तिकडे."

मिस्त्री चावायचा थांबला. "राजाने या गडासाठी माणसं सणाच्या कपड्यांत धरून आणली. अंगावरचे कपडे गळून पडेस्तोवर राबवली. आम्ही आपली नुसती दोरी ठेवतो. ही भिंत सारखी कोसळायची. मजूर गाडले गेले असते."

"मग तुमच्या घरात माणसं नव्हती का मापायला?"

"जीभ तिखट आहे तुझी," म्हणत तो उठला. पहारीने त्याने एक दगड सरकवला. आतल्या खोबणीत मेण लावलेली दोरी होती. तिने ती हिसकावलीच.

दोरीचं एक टोक तिने टाचेखाली धरलं आणि दुसरं वर ताणलं. सांदू तिच्याहून चांगला डोकंभर उंच. ही दोरी बरोब्बर तिच्या भांगापाशी संपली.

"ही सांदूची नाही," ती म्हणाली.

"त्यानेच आणून दिली. मी म्हटलं होतं, तुझी दे, नाहीतर दुसऱ्या कुणाची आण. कुणाची ते मी विचारत नसतो. विचारलं की काम होत नाही हातून."

तेव्हा तिला आठवलं. ती अंगणात कपडे वाळत घालत होती, सावली पांढऱ्या भिंतीवर पडलेली, आणि सांदू मागे दोरी घेऊन उभा. काय रे करतोस, असं तिने विचारलं होतं. घेवड्याला मांडव घालायचाय, तो म्हणाला होता. म्हणूनच तिने घास पुढे केला की तो तोंड फिरवत होता.

"घेऊन जा," मिस्त्री हळूच म्हणाला. "तू सुटशील. मग भिंत दोरी देणाऱ्यालाच मागेल."

स्मारांदाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बहिणीची सावली देणारा भेकड कुठला. तिला जगायचं होतं, अगदी साधं, चारचौघींसारखं. दोरी मुठीत आवळून ती बराच वेळ उभी राहिली. पलीकडे सुळेवाली पोरं खिदळत होती. तिच्या डोळ्यांपुढे मात्र सांदूच्या वर आलेल्या बरगड्याच येत राहिल्या. तिने दोरीची गुंडाळी केली आणि ती खोबणीत परत ठेवली.

"लिंपून टाका. आणि एवढीच दुसरी दोरी द्या मला."

मिस्त्रीने थैलीतली दोरी काढली आणि न मापता तोडली. "काय करणार हिचं?"

"त्याच्या डोळ्यांदेखत चुलीत घालते. सांगते, काढून आणली. आज तरी जेवेल पोरगं."

मिस्त्रीने टोपी काढली. गावात तिरडी जाताना काढतात, तशी. स्मारांदा दिसेनाशी होईपर्यंत त्याने टोपी परत घातली नाही.