घंटाघरातली बाळंतीण

"शिडी उतर, वाल्देमार! आत बाळंतिणी आहेत," लेओंतीना खालून ओरडली.

गवंड्याने चुन्याचं घमेलं सावरलं. "घंटाघरात?"

"वटवाघळं रे! पिल्लं उडत नाहीत अजून. फटी बुजवल्यास तर आतच मरतील."

"मावशी, पाद्रीबाबांचा हुकूम आहे. प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर लेंड्या पडतात लोकांच्या."

"त्या झाडतं कोण? मीच ना?"

चर्चच्या कट्ट्यावर बसलेला तिचा थोरला भाऊ देओदातू हसला. त्याच्या डोळ्यांत आता उजेडाची नुसती ओल उरली होती. उभा जन्म त्याने यकृताच्या तेलासाठी खोल समुद्रातली मुशी, शार्कची एक जात, धरली होती. सां जॉर्ज बेटावरची ही वटवाघळं भर दुपारीही उडतात. लेओंतीना ती आकाशात पाहून त्याला सांगायची, आणि दोघांचं जुंपायचं.

"तुझं पाखरू रात्रीचं, तरी उन्हात भटकतं," तो म्हणायचा. "माझी मुशी जन्मभर काळोखात. पण पोटाशी स्वतःचा उजेड बाळगते."

"पोरांना पाजते का तुझी मुशी?"

"पाजत नाही. पण अंडी न घालता पोटात वाढवते, तुझ्या पाखरासारखीच."

आज मात्र तो गवंड्याशी बोलला.

"एकदा होडीच्या तळात टाकलेली मुशी तिथेच व्याली, वाल्देमार. वर लख्ख ऊन, खाली अंधार. आणि त्या अंधारात पिल्लांची पोटं निळी निळी. स्वप्नात चांदणं सांडावं तशी. एकेक उचलून पाण्यात सोडली मी."

"जगली का, काका?"

"कुणास ठाऊक. पाणी मिटलं त्यांच्यावर."

वाल्देमारने फटीत डोकावून पाहिलं. मग खाली उतरला. "ही कधी उडतील?"

"द्राक्षं पिकली की," लेओंतीना म्हणाली.

"मग पाद्रीबाबांना चुना खराब निघाला म्हणून सांगतो."

त्या उन्हाळ्यात देओदातूच्या डोळ्यांतली उजेडाची उरलीसुरली ओलही आटली. लेओंतीनाने आकाशाबद्दल बोलणं सोडलं. त्यानेही विचारलं नाही.

द्राक्षं काळी झाली तेव्हा एका दुपारी ती धावत घरी आली आणि त्याला हाताला धरून घंटाघराखाली घेऊन गेली.

"निघाली! ती बघ, ती..."

"गप, बाई. जरा थांब."

कोवळे पंख फडफडत त्याच्या कपाळावरून गेले. किंचित वारा लागला. देओदातूने टोपी काढून छातीशी धरली, आणि तोंड वर करून तो उन्हात तसाच उभा राहिला.