अकरा मिनिटांची पट्टी

किल्लीवाल्या काकांनी टॅबलेट टेबलावर ठेवला आणि त्याच्या कंपनीला त्या आठवड्यात तिसऱ्यांदा फोन लावला.

"मुली, पावणेतीन महिने झाले. अपडेट अडकलंय कुठे?"

"काका, आता तीन महिन्यांनीच येतं. पूर्वी महिन्याला यायचं, तर लोक वैतागायचे," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुमचं काही बिघडलंय का?"

"नाही गं. पण महिन्याचं बरं होतं."

ती हसली. यात हसण्यासारखं काय, ते त्यांना कळलं नाही.

चाळीस वर्षं त्यांनी किल्ल्या घडवल्या. मग दुकान बंद झालं, बायको गेली, आणि लांब राहणारा मुलगा हा टॅबलेट हातात ठेवून गेला. अपडेट टाकायला आठ आकडी पासवर्ड लागे. बाबांच्या तो लक्षात राहत नाही, हे घरात ठरूनच गेलं होतं. त्यामुळे मुलगा फोनवर एकेक आकडा सांगायचा आणि वर दम द्यायचा, "पडद्यावरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत फोन ठेवायचा नाही हं!" पट्टी भरायला अकरा मिनिटं लागत. तेवढ्यात नातीचा पडलेला दात, ऑफिसातला खडूस साहेब, बाबांचा गुडघा, सगळं बोलून व्हायचं. एरवी मुलाचा फोन म्हणजे "जेवलात ना? बरं, ठेवतो."

शनिवारी सकाळी अपडेट आलं. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि मुलाला फोन लावला. अकरा मिनिटं कशी गेली, कळलंही नाही.

"बाबा, आता खाली 'आपोआप' असं बटण दिसतंय? दाबा ते."

त्यांनी दाबलं.

"झालं! यापुढे अपडेट आपलं आपण होईल. तुमची कटकट संपली."

"कटकट कसली रे..."

"आता पासवर्ड विसरलात तरी बिघडत नाही."

"बरं झालं," ते म्हणाले.

फोन ठेवला. शेजारच्या घरात कोणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मग त्यांनी तेच बटण पुन्हा दाबलं. बंद करायला पासवर्ड द्या, असं पडद्यावर आलं.

गावातल्या निम्म्या किल्ल्यांच्या खाचा त्यांना अजून तोंडपाठ होत्या. त्यांनी आठही आकडे न अडखळता दाबले. बटण बंद झालं.

मग त्यांनी कंपनीला फोन लावला.

"मुली, पुढचं अपडेट कधी गं?"