कळलावीचा उन्हाळा

कळलावीला उन्हाळ्यात काहीही लागत नाही. पाणी नको, खत नको, कौतुक तर नकोच. हिवाळ्यात वेल वाळून मोडून पडतो, कंद जमिनीखाली झोपी जातो आणि वर नुसती तडकलेली माती उरते. पाऊस लागला की त्याच मातीतून कोंब निघतो, पानांच्या शेंड्यांनी तार धरत चढतो आणि पोळ्याच्या सुमारास लाल-पिवळी फुलं अशी पेटतात, की रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघतात. अट एकच. झोपेत असताना तिला भिजवायचं नाही. कंद कुजतो.

आणि माझ्या जावेच्या कूलरचं पाणी नेमकं तिथेच पडायचं.

हिंदी मुलखातल्या कॅम्प-१ या कामगार वस्तीतलं आमचं घर दोन भावांनी वाटून घेतलेलं. इकडे मी, तिकडे धाकटी जाऊ नलू, मधे तारेचं कुंपण. त्या कुंपणाशी मी माहेरून, सालेकशाकडच्या रानातून आणलेली कळलावी लावली. नलूचं म्हणणं, हे झाड दाराशी असलं की घरात भांडणं लागतात, नावच तसं आहे. माझं म्हणणं, आपण दोघी असताना झाडाला काम काय उरतं? दर उन्हाळ्यात कूलर खिडकीत बसला, की जास्तीच्या पाण्याचा पाइप ती कुंपणाशी सोडायची आणि मी पदर खोचून बाहेर यायची. सारी गल्ली ऐकायची. मग चार दिवस पाइप मोरीत, पुन्हा कुंपणाशी, पुन्हा मी बाहेर.

यंदा माझ्यात भांडायचं बळ नव्हतं. दिवाळीनंतर हे गेले. तेव्हापासून मी उठत होते, भात लावत होते, कपडे वाळत घालत होते, पण कशातच जीव नव्हता. लोक फार चांगले वागत होते, त्याचाही थकवा यायचा. सुमेध, माझा मुलगा, रायपूरहून फोन करायचा, "मम्मी, टेन्शन मत लो." मी "नहीं ले रही" म्हणायची आणि ठेवून द्यायची.

होळी झाली. नलूच्या खिडकीत कूलर आला. त्याच्या नव्या वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास माझ्या अंगणापर्यंत आला. मी आतच बसून राहिले. आज गेले नाही तर वेल संपला, हे मला ठाऊक होतं. पावसाळ्यात हे त्याच वेलाशेजारी खुर्ची टाकून चहा प्यायचे. काय जाणार ते कळत होतं, तरी उठवेना. कुजू दे, म्हटलं. सगळंच जातं, हेही जाऊ दे.

चैत्र गेला, वैशाख गेला. कुंपणाकडे मी पाहिलंच नाही. कपड्यांची दोरीसुद्धा दुसऱ्या बाजूला बांधून घेतली.

मग एका संध्याकाळी धुळीचं वारं सुटलं आणि माझा टॉवेल उडून कुंपणाला अडकला. जावंच लागलं. बघते तर माती कोरडी ठाक. काडीने जरा उकरलं, खाली कंद टणक. मान वर केली, तर नलूचा पाइप भिंतीवरून वळवून, सुतळीने बांधून मोरीपर्यंत नेलेला. सुतळी उन्हाने पांढरी पडली होती. म्हणजे कालपरवाचं काम नव्हतं ते.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. कित्येक महिन्यांत आला नव्हता इतका राग. हिनेही माझी कीव केली! निदान ही तरी करणार नाही असं मी धरून चालले होते.

"नलू!" मी ओरडले. "पाइप कोणाले इचारून फिरवला?"

ती हात पुसत बाहेर आली. "कोणाले इचारू? पाइप माझा हाये."

"इतकी वर्सं मी घसा फोडला, तवा नाही फिरवला. आता कावून? दया येऊन राहिली काय माझी?"

"कायची दया, बाई!" तिचाही आवाज चढला. "पहिल्या दिवशी तिथंच तं सोडला होता. तुमी याल म्हणून दारात उभी राहिली. दिवस बुडला, तुमी आल्या नाही. मंग मले भेव लागलं."

"कायचं भेव?"

"झाड मेलं तं तुमी कधीच बाहेर येणार नाही, याचं." तिने तार धरली. "आमचे हे ड्युटीवरून येतात, जेवतात, झोपतात. उन्नती माझी पोरगी, पण तीही हिंदीतच बोलते. दिवसभर माझं 'हाँ जी, ठीक है जी' चालते. हिंदीत मले भांडता येत नाही, बाई. मी कोणाशी भांडू?"

मी मान वर करून सुतळीकडे पाहिलं. तिच्यापुढे रडायची माझी तयारी नव्हती.

"सुतळी ढिली बांधली," मी म्हटलं. "आजच्यासारखं वारं आलं तं पाइप इकडंच पडते. अक्कल नाही तुले."

"मंग या अन् बांधा! तिकडून हुकूम सोडून राहिल्या!"

मी गेले. हे गेल्यानंतर पहिल्यांदा माझ्या फाटकाबाहेर पडून तिच्या फाटकातून आत, बडबडत, डोळ्यांना पदर लावत. तिने स्टूल आणून ठेवलं, आणि मी गाठ मारायच्या आधीच माझ्या गाठीला नावं ठेवायला सुरुवात केली.