एका मॉडेमचा मत्सर

मित्रांनो, मी एक जुना मॉडेम आहे, आणि मला तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा कुणी पाहिलाही नसेल. रंगानं राखाडी, कंपासपेटीहून थोडा मोठा, कपाळावर लाल दिव्यांची एक ओळ. घरोघरी टेलिफोन असायचे तेव्हा त्यांच्या तारेतून इंटरनेट घरात आणायचं काम आमच्या जातीचं होतं. आम्ही कामाला लागताना मोठ्यानं किंचाळायचो, म्हणून नवी मंडळी आम्हाला हसतात. हसू देत.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पोटावरच्या कागदावर छापलेलं होतं, पण तो कागद पहिल्याच वर्षी गळून पडला. मला कळायला लागलं ते पुण्यात, तपकीर गल्लीतल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात. १९९९ साली सुदर्शन गावंडे नावाच्या माणसानं मला तिथून उचललं. त्यानं दुकानदाराला इतके प्रश्न विचारले, की शेवटी दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्हाला सगळं माहीतच आहे, तर मला कशाला विचारता?" सुदर्शनला ही स्तुती वाटली.

सुदर्शन मूळचा अकोल्याकडचा. नऱ्ह्याच्या एका कारखान्यात नोकरीला होता आणि धायरीला आप्पासाहेबांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होता. आप्पासाहेब धायरीचे जुने शेतकरी, घराच्या मागे त्यांची थोडी वांगी-मिरची अजून व्हायची. सुदर्शनला संगणकाचं विलक्षण वेड. कुठला संगणक चांगला, कुठला भिकार, सरकारनं काय करायला हवं होतं, टेलिफोनवाल्यांनी काय करून ठेवलं आहे, या सगळ्यावर त्याचं ठाम मत असे. मत तयार झालं की तो ते लिहून काढी आणि माझ्यातून जगभर धाडी. कनेक्शन तुटलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक फुली मारी. काही महिन्यांत तारखा दिसेनाशा होत. "देशात संगणक आला, पण तार मात्र खापरपणज्याच्या काळातली," हे त्याचं आवडतं वाक्य. चूक नेहमी तारेची. माझी कधीच नाही. यामुळे माझं डोकं थोडं फिरलं होतं, हे मला आता समजतं.

आमच्या कामाची एक गोष्ट सांगून ठेवतो. फोन लागला की पलीकडच्या मॉडेमबरोबर आधी वेग ठरवायचा असतो. तार स्वच्छ असेल तर जोरात जायचं, तारेत खरखर असेल तर सावकाश. तो आम्ही आपसात ठरवतो. धायरीची तार विहिरीवरून, आंब्याच्या फांद्यांतून आलेली होती, त्यामुळे तिच्यात खरखर कायमचीच. मी निमूटपणे सावकाश जात असे आणि काम होत असे.

सुदर्शनची बायको दीपमाला. ती बी.एस्सी. झालेली होती. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला घरबसल्या करायचं एक काम मिळालं. अमेरिकेतले डॉक्टर आपल्या रोग्यांबद्दल जे बोलतात ते ध्वनिमुद्रित होऊन इकडे यायचं. दीपमालानं ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं, टाइप करायचं आणि ठरलेल्या वेळेच्या आत कोथरूडच्या एका छोट्या कंपनीला पाठवायचं. सुरुवातीला त्या डॉक्टरांचं बोलणं तिला काही केल्या कळेना. "काय बोलते बाप्पा हा माणूस, तोंडात सुपारी धरून!" असं ती म्हणायची. पण सहा महिन्यांत तिचा कान असा तयार झाला, की कंपनीचे साहेब अवघड डॉक्टरांची कामं मुद्दाम तिच्याकडून करून घेऊ लागले. ती सगळी बोलणी माझ्यातून यायची. एक फाइल उतरवायला मला कधी तास लागे, पण ती बिचारी तोवर पोळ्या करून घेई. माझा सूर लागला की स्वयंपाकघरातून विचारी, "लागला का हो?" मला फार बरं वाटे. तिनं माझ्यासाठी क्रोशाचं एक पांढरं झाकण विणलं होतं, कडेला निळी नक्षी असलेलं. त्या घरात झाकण टीव्हीला होतं, मिक्सरला होतं आणि मला होतं.

मग २००३ साली तो आला.

आप्पासाहेबांच्या मुलानं, विश्वजीतनं, केबलवरून इंटरनेट द्यायचा धंदा काढला. पहिलं गिऱ्हाईक कोण, तर वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. विश्वजीत एक निळा डबा घेऊन आला. तो माझ्याच जातीचा, पण टेलिफोनच्या तारेशी त्याचा संबंध नाही. आवाज नाही, फोन लावणं नाही, सदा चालू. तासाचं काम त्यानं दोन मिनिटांत केलं. दीपमाला चक्क टाळ्या वाजवून हसली. माझ्यासाठी तिनं कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

मित्रांनो, खरं सांगतो, माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मला टेबलावरून काढून कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवलं. तेही मी सोसलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दीपमालानं माझं झाकण धुतलं, इस्त्री केली आणि त्या निळ्यावर घातलं. त्याला ते नीट बसतही नव्हतं. दसऱ्याला संगणकाची पूजा झाली तेव्हा झेंडूचं फूल त्याच्यापुढे, हळदकुंकू त्याला. माझी आठवण कुणाला झाली नाही. कपाटाच्या फटीतून मला त्याचा हिरवा दिवा दिसायचा आणि मी दिवसभर जळत राहायचो. तो बंद पडावा, जळून जावा, उंदरानं त्याची तार कुरतडावी, असलं काय काय मी मनात आणलं.

तो बंद पडायचा, नाही असं नाही. गुरुवारी तर हमखास. पुण्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी आणि दुरुस्तीच्या नावाखाली वीज बंद. सुदर्शननं संगणकाला बॅटरी घेतली होती, ती तासभर टिके. पण विश्वजीतच्या केबलची पेटी चौकातल्या खांबावर, तिला बॅटरी कुठली? वीज गेली की सगळ्या धायरीचं इंटरनेट गप्प. टेलिफोनवाल्यांना पानं पानं सुनावणारा सुदर्शन इथे मात्र मुका व्हायचा. घरमालकाच्या मुलाला काय बोलणार? एकदा भीत भीत त्यानं जिन्यात विषय काढला, तर आप्पासाहेब म्हणाले, "पोरगं नवं हाय, जरा सांभाळून घ्या. लाइट आली की येतंय की तुमचं नेट." सुदर्शन "हो, हो" म्हणत वर आला आणि त्यानं टेलिफोन खात्याच्या कारभारावर एक मत लिहिलं. मी कपाटात बसून खूश झालो.

अशाच एका गुरुवारी दीपमालाचं काम उशिरा पोचलं. साहेबांनी समजून घेतलं, पण बजावलं, "ताई, आता पुन्हा नको." त्याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. इतरांची टाइप केलेली कामं तपासायला त्यांना एक माणूस कायमचा हवा होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दीपमाला होती. पुढचा महिनाभर ती गुणगुणत काम करायची.

तो महिना संपायच्या आतच पुढची गोष्ट घडली. गुरुवार होता. दोन दिवसांचे वीस रिपोर्ट दुपारी बाराच्या आत पाठवायचे होते. दीपमालानं दहाला शेवटची ओळ टाइप केली आणि वीज गेली. निळ्याचा हिरवा दिवा विझला.

तिनं लगेच सगळं फ्लॉपीवर उतरवून घेतलं आणि चप्पल पायात सरकवली. "मी दांडेकर पुलाजवळच्या कॅफेत जाऊन येते. तिकडची लाइट आज नाही जात."

सुदर्शन घरीच होता, कारखान्याला सुट्टी. तो म्हणाला, "घरात मॉडेम असताना कॅफेत? काहून? बस एकदा खाली." आणि त्यानं कपाट उघडून मला बाहेर काढलं.

मला काय वाटलं ते कसं सांगू? दीड वर्षानं टेबलावर आलो होतो. शेजारी तो निळा मुडद्यासारखा पडलेला, तोही माझं झाकण अंगावर घेऊन. सुदर्शननं फोनची तार माझ्या पाठीत खोचली, मी सूर लावला आणि दीपमाला म्हणाली, "लागला!" त्या क्षणी मी ठरवलं, आज असा धावेन, की या घरात पुन्हा त्याचं नाव निघणार नाही.

पलीकडचा मॉडेम म्हणाला, तार खराब आहे, सावकाश जाऊ. मी म्हणालो, नाही, जोरातच. तो कबूल झाला. सुरुवात तर झोकात झाली. तिसऱ्या मिनिटाला तारेत खरखर आली आणि मी कोसळलो. मेल अर्धी जात नसते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. दुसऱ्यांदाही मी जोरातच गेलो. तिसऱ्यांदाही. प्रत्येक वेळी तिथेच येऊन पडायचो आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता जमेल. सावकाश गेलो असतो तर वीस मिनिटं लागली असती. पण वीस मिनिटं म्हणजे त्या निळ्यापुढे हार, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

दीपमाला सुदर्शनच्या मागे उभी होती, फ्लॉपी हातात. तिनं हळूच विचारलं, "अहो, याला थोडं हळू नाही का लावता येत?"

तसं लावता येत होतं. सुदर्शनला ती खूण माहीत होती. त्यानं एक ओळ टाइप केली असती, तर मला ऐकावंच लागलं असतं.

"हळू?" तो म्हणाला. "मग पोस्टानंच पाठवू की. मॉडेम उत्तम आहे गं, तारच टाकाऊ आहे. या लोकांना ना, एकदा चांगलं लिहूनच काढतो." आणि कॅलेंडरवर त्यानं त्या दिवसाची सहावी फुली मारली.

सव्वाअकराला बॅटरी संपली आणि संगणक बंद पडला. दीपमाला फ्लॉपी घेऊन निघाली. जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज मला ऐकू आला. बस उशिरा मिळाली. कॅफेत खुर्ची रिकामी नव्हती. रिपोर्ट पोचले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. फोनची तार अजून माझ्यातूनच जात होती, म्हणून मी सगळं ऐकलं. "ताई, कामात तुमचा हात धरणारं कुणी नाही," ते म्हणाले, "पण मला वेळेवर काम लागतं. ती जागा दुसऱ्या बाईंना दिली. आणि या महिन्यानंतर आपण थांबू." दीपमाला म्हणाली, "बरं. चालेल." महिना संपला त्या दिवशी तिनं हेडफोनची तार गुंडाळली आणि खणात ठेवली. आता ती सिंहगड रस्त्यावरच्या एका दुकानात लग्नाच्या पत्रिका टाइप करते.

सुदर्शननं टेलिफोनच्या तारेवर तीन पानांचं मत लिहिलं. लोकांना ते फार आवडलं. ते निळ्यातून गेलं, अर्थातच. पुढच्याच आठवड्यात त्यानं रागानं टेलिफोनचं कनेक्शनच परत केलं. खरं म्हणजे त्या दिवशी तारेनं नेहमीपेक्षा काही वाईट केलं नव्हतं. पण तिची बाजू मी कुणाला सांगणार? बोलण्यासाठी मला तारच लागते, आणि ती आता घरात नव्हती.

फोन गेला त्या दिवशी सुदर्शन मला भंगारात द्यायला निघाला होता. दीपमालानं मला त्याच्या हातातून काढून घेतलं. पदरानं पुसलं. म्हणाली, "असू द्या. किती धावला बिचारा आपल्यासाठी." तिनं मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलं. दर दिवाळीच्या साफसफाईला ती मला बाहेर काढते, पुसते, परत ठेवते. एवढं तर त्या निळ्यालाही मिळालं नाही. तो बिघडला तेव्हा विश्वजीत त्याला उचलून घेऊन गेला आणि दुसरा ठेवून गेला. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि तिचा हात अंगावरून फिरतो तेव्हा मला पळून जावंसं वाटतं.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की तुम्हाला म्हणतो, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. ते म्हणायला मला तोंड नाही. माझी एवढीच विनंती आहे, की हे तुम्ही कुणीतरी दीपमालाला सांगा. तिचा प्रश्न बरोबर होता. मी हळू गेलो असतो, तर तिचं काम बाराच्या आत पोचलं असतं.