पांढरा शर्ट चालणार नाही

सूनबाईंनी यादी पाठवली आणि माझं डोकं जे फिरलं, ते चार दिवस ताळ्यावर आलं नाही.

पाच दिवसांची क्रूझ. बोटीवर राहायचं, खायचं, समुद्र बघायचा आणि परत यायचं. आमचे हे निवृत्त झाले म्हणून मुलाने हौसेने तिकिटं काढली. हौसेला मोल नाही, मी कौतुकच केलं. पण ती कपड्यांची यादी! पहिल्या रात्री फुलाफुलांचं. दुसऱ्या रात्री निळं. डेकवर फिरायला एक, जेवायला दुसरं, पोहण्याच्या तलावापाशी तिसरं. चपला तीन प्रकारच्या. नाकापेक्षा मोती जड! आम्ही सुटीवर चाललोय की नाटकात काम करायला? बरं, तेही मी गिळलं. पण शेवटच्या रात्रीपुढे लिहिलं होतं, ‘पुरुषांनी पांढरा शर्ट, काळी पँट, काळा बो टाय. सगळ्यांचा एकत्र फोटो.’

मी मोबाइल टेबलावर असा आपटला की ह्यांच्या कपातला चहा बशीत आला.

“काय झालं गं?”

“काही नाही. तुम्ही चहा प्या.”

आमचे हे एकतीस वर्षं एका मोठ्या हॉटेलात वेटर होते. पांढरा शर्ट, काळी पँट, काळा बो. उन्हाळा असो, ताप असो, पोरगं दवाखान्यात असो, अंगावर तेच. आणि त्या पँटीचे खिसे शिवलेले. हॉटेलचा नियमच होता, वेटरला खिसा नको. टेबलावर ठेवलेली बक्षिसी सगळ्यांच्या डब्यात गेली पाहिजे, कोणाच्या खिशात नाही. नवी पँट मिळाली की ती घरी आणायची आणि खिशांची तोंडं शिवून टाकायची. कोणी? मीच, दुसरं कोण! दुसऱ्या दिवशी मॅनेजर दारात उभा राहून हात फिरवून बघायचा, टाके पक्के आहेत ना. चोरांसारखं! ह्यांना त्याचा कधी राग आला नाही. मला यायचा, आणि तो मी सुईवर काढायची.

निवृत्त झाले त्या दिवशी मुलाने विचारलं, बाबा, काय हवं? तर म्हणाले, “एकदा बसून जेवायचंय. मोठा हॉल असावा, टेबलावर पांढरा टेबलक्लॉथ असावा, कोणीतरी वाढावं आणि मी उठू नये.” एवढंच. त्यासाठी ही बोट. आणि त्याच बोटीवर, त्याच हॉलमध्ये, ह्यांनी वेटरचे कपडे घालून जायचं!

मी मुलाला फोन लावला. “आत्ताच्या आत्ता ये,” म्हटलं.

तो आला. बरोबर सूनबाई. ती सोफ्याच्या कोपऱ्यात मोबाइल बघत बसली. मला तिचं तोंडही बघायचं नव्हतं.

“आई, ड्रेस कोड असतो तो,” मुलगा म्हणाला. “माझ्या हातात आहे का?”

“मग कोणाच्या हातात आहे? कप्तानाच्या?”

“अगं, मीही तेच घालणार आहे. बाबा काय वेगळे दिसणार आहेत?”

“तू घातलंस तर तू पाहुणा दिसशील. बाबांनी घातलं तर लोक त्यांच्याकडे पाणी मागतील.”

“काहीतरीच! राईचा पर्वत करतेस उगाच.”

राईचा पर्वत! बहिणीच्या लग्नाची पार्टी विसरला वाटतं हा. ह्यांच्याकडे चांगलं म्हणावं असं तेवढंच होतं, म्हणून तोच शर्ट आणि तीच पँट घालून हे दारात पाहुण्यांचं स्वागत करत उभे होते. नवऱ्या मुलाच्या बाजूच्या एका गृहस्थाने वर न बघता ह्यांच्या हातात उष्टी प्लेट दिली. आणि ह्यांनी घेतली! स्वयंपाकघरापर्यंत नेऊन ठेवली, परत आले आणि त्या माणसाला विचारलं, “आणखी काही आणू?” पोरीचा बाप हो! मी तिथेच उभी होते. तेव्हा गप्प बसले ते बसले, आता बसणार नव्हते.

“असू दे गं,” हे आतून म्हणाले. “मला काहीही चालतं.”

मला चालतं. अडतीस वर्षं हेच ऐकतेय. जेवण खारट झालं, चालतं. बूट चावतात, चालतं.

शेवटी शनिवारी सकाळी आम्ही चौघं कपड्यांच्या दुकानात गेलो. मुलाने शर्ट-पँट काढून ह्यांच्या हातात दिली आणि हे मुकाट्याने कपडे बदलायच्या खोलीत गेले. बाहेर आले तर अंगावर अगदी बेतून शिवल्यासारखं. आरशासमोर उभे राहिले, पाठ ताठ, डावा हात कोपरात दुमडून पोटाशी. त्या हातावर नॅपकिन तेवढा नव्हता.

मागून एक बाई आल्या. हातात एक निळा शर्ट. “ओ भाऊ, हा चाळीस नंबरमध्ये आहे का?”

“बघतो, मॅडम,” हे म्हणाले.

आणि गेले की बघायला! फळीवरची चळत वरून खाली चाळली, चाळीस नंबरचा काढला, घडी उलगडून दाखवली, वर म्हणाले, “हा घ्या. रंगही पक्का दिसतोय.” बाईंनी थँक्यू म्हटलं. ह्यांनी मान जराशी झुकवली.

आणि आमचे चिरंजीव फिदीफिदी हसले. “बाबा, इथे पण नोकरी लागली तुम्हाला!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हसतोस?” मी म्हटलं, आणि हळू नाही म्हटलं. “त्या शर्टावर तुझं शिक्षण झालं. त्याला मी नावं ठेवत नाही, रोज इस्त्री केलाय मी तो. पण तो कामाचा शर्ट आहे! तू जाशील का सुटीवर ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात अडकवून? नाही ना? मग बाबांनी का जायचं? ह्या माणसाने एक गोष्ट मागितली, बसून जेवायचंय म्हणाला. आणि तू त्याला पुन्हा हातात ताट धरायला उभा करतोस, तेही फोटोसाठी!”

त्या बाई लालबुंद होऊन “सॉरी हं, माझं लक्ष नव्हतं” म्हणाल्या. त्यांचा काय दोष? मुलगा मात्र जमिनीकडे बघत होता. आता हसू कुठे गेलं, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात सूनबाई पुढे आली. “आई, बोटीच्या कागदात एवढंच लिहिलंय की शेवटच्या रात्री जेवायला नीटनेटके या. पांढरं-काळं तुमच्या मुलाने घातलं यादीत. मी फक्त पाठवली.”

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! चार दिवस मी तिच्या नावाने बोटं मोडली होती. मला लाज वाटली, पण ती नंतर वाटून घेऊ म्हटलं.

“मला वाटलं, सगळे सारखे दिसलो तर फोटो छान येईल,” मुलगा पुटपुटला. “बाबा, खरंच लक्षात नाही आलं माझ्या.” मग त्याने विचारलं, “तुम्हाला काय घालायचंय?”

हे कोणी विचारलंच नव्हतं. खरं सांगते, मीही नाही. ह्यांनी काय घालायचं नाही यावर मी चार दिवस घर डोक्यावर घेतलं होतं, पण काय घालायचंय हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही.

मला वाटलं, आता ‘काहीही चालतं’ येणार.

“मोरपंखी कोट,” हे म्हणाले.

“मोरपंखी?” मी विचारलं.

“सात नंबरच्या टेबलावर एक साहेब यायचे. एकटेच. मोरपंखी कोट घालायचे. हॉल कितीही भरलेला असो, माणसं उभी असोत, बसलेली असोत, त्यांच्याकडे कधी कोणी पाणी मागितलं नाही.”

अडतीस वर्षांच्या संसारात ह्या कोटाबद्दल मी एक अक्षर ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दुकानात तो कोट मिळाला. सूनबाईनेच शोधला. ह्यांनी घालून बघितला आणि लगेच काढून पिशवीत ठेवला, कोणी परत घेईल या भीतीने.

निघायच्या दिवशी सकाळी बॅगा दाराशी लावून ठेवल्या होत्या. कोट बॅगेत चुरगळेल म्हणून मी ह्यांना तो अंगावरच घालायला लावला. आरशासमोर उभे राहिले. माणूस एकदम दुसराच दिसत होता, पण डावा हात पुन्हा दुमडून पोटाशी.

“अहो, हात खिशात घाला की!”

ह्यांनी हात खाली नेला. बोटं खिशाच्या कडेवरून घसरली. पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग दोन्ही हात तसेच खाली सोडले.

“शिवलेत,” हे म्हणाले. आज दुकान बंद आहे म्हणावं, तसे सहज. “असू दे. मला चालतं.”

नव्या कोटाचे खिसे शिवलेलेच येतात हो! टांगून टांगून आकार जाऊ नये म्हणून नुसते कच्चे टाके असतात, घरी आणून उसवायचे असतात. पण ह्यांना वाटलं, इथेही काही नियम असेल. मला असा संताप आला की विचारू नका. त्या मॅनेजरचा आला. हॉटेलचा आला. आणि सगळ्यात जास्त आला तो माझ्या स्वतःच्या हातांचा.

“हलू नका,” मी ओरडले. चष्मा लावला, छोटी कात्री घेतली आणि ह्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. “एकतीस वर्षं शिवले मी. उसवणारही मीच.”

खाली टॅक्सीचा भोंगा वाजला. “आई, उशीर होतोय!” मुलगा जिन्यातून ओरडला.

“होऊ दे! बोटीला सांग, थांब म्हणून!”

डावा खिसा, उजवा खिसा, मग छातीवरचा. दोऱ्याचे तुकडे फरशीवर पडले. ह्यांनी आधी दोन बोटं आत घातली, मग मनगटापर्यंत दोन्ही हात.

“खोल आहेत गं,” म्हणाले.

“आता हात बाहेर काढायचे नाहीत,” मी म्हटलं. “जेवायला बसेपर्यंत काढायचे नाहीत.”

मुलगा धापा टाकत वर आला आणि दारात थबकला. सवयीने ह्यांची नजर बॅगांकडे गेली. खांदाही जरा वाकला. मग ह्यांनी माझ्याकडे बघितलं, दोन्ही हात खिशात तसेच ठेवले आणि जिना उतरायला लागले. बॅगा मुलाने उचलल्या.